व्याख्येचे कलम आणि लोकप्रतिनिधींचे मौन : स्त्रियांच्या हक्कांचा एक आढावा

भारतातील बहुतेक कायद्यांचे पहिले कलम कायद्याचे नाव आणि व्याप्ती सांगते, तर दुसरे कलम व्याख्यांचे असते. सर्वसामान्य माणसाला कायद्याची ओळख होते ती त्याच्या नावावरून, आणि निवडणुकीच्या सभेत श्रेय घेतले जाते तेही नावाचेच. परंतु एखाद्या स्त्रीला त्या कायद्याचा खरोखर उपयोग होणार की नाही, हे पुष्कळदा त्या दुसऱ्या कलमात ठरून गेलेले असते. कुटुंबात कोण मोडते, सामायिक घर कोणते, संमती कशाला म्हणावे, कामगार कोण आणि त्याचा मालक कोण, या गोष्टी विधिमंडळात किंवा संसदेत मंजूर झालेल्या शब्दांनी ठरतात, आणि न्यायालयाकडे प्रश्न जातो तो त्या शब्दांचा अर्थ लावण्यापुरता. त्यामुळे या व्याख्यांविषयी मतदाराने प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देणे ही लोकप्रतिनिधीची मर्जी नसून त्याच्या पदाचे कामच आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. कारण ते उत्तर टाळले गेले तेव्हा वाद मिटला नाही, तो फक्त न्यायालयात गेला, आणि तेथे लागलेली वर्षे स्त्रियांच्या आयुष्यातून वजा झाली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण वडिलोपार्जित मालमत्तेचे आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच हक्क असणारा जो सदस्य, ज्याला सहदायाद म्हणतात, त्याच्या व्याख्येत मुलगी बसत नव्हती. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्राने 1994 साली ही त्रुटी दूर केली. राज्याचे पहिले महिला धोरणही त्याच वर्षीचे. मात्र 22 जून 1994 पासून लागू झालेल्या या दुरुस्तीत त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळण्यात आले होते. परिणामी एकाच आईबापाच्या दोन मुलींपैकी जिचे लग्न 1993 साली झाले ती सहदायाद ठरत नव्हती आणि जिचे 1995 साली झाले ती ठरत होती. लग्नाची तारीख आणि जन्माने मिळणारा हक्क यांचा संबंध काय, हा प्रश्न त्या थोरल्या बहिणीने आपल्या आमदाराला विचारला असता तर त्याला सभ्य उत्तर एकच होते, की हा आम्ही केलेला भेद आहे, त्यामागचे कारण अमुक आहे, आणि ते पटत नसेल तर तो बदलण्यासाठी आम्ही अमुक करू. प्रत्यक्षात हा भेद अकरा वर्षे टिकला आणि संसदेने 9 सप्टेंबर 2005 पासून लागू केलेल्या दुरुस्तीने तो संपला.

त्यानंतरही अर्थाचा गुंता सुटला नाही. मुलीला हक्क मिळण्यासाठी 2005 साली तिचे वडील हयात असणे आवश्यक आहे काय, हे संसदेने एका वाक्यात सांगता येण्यासारखे असूनही सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात वडील हयात असले पाहिजेत असे म्हटले, 2018 साली दनम्मा प्रकरणात 2001 मध्येच वारलेल्या वडिलांच्या मुलींना हिस्सा दिला, आणि शेवटी 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. या पंधरा वर्षांत गावोगावी वाटण्या होत राहिल्या, वारसनोंदी होत राहिल्या, बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जात राहिल्या. ज्या बहिणीला आपला हक्क आहे की नाही हेच कोणी ठामपणे सांगत नव्हते, तिने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन केलेली सही स्वेच्छेची म्हणावी काय, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात फारसा येत नाही; पण तो आलाच पाहिजे. संसदेत एखादा स्पष्टीकरणात्मक बदल करून घ्यायला कोणाचाही विरोध होण्याचे कारण नव्हते. तो झाला नाही, कारण त्याविषयी कोणाला जाहीरपणे विचारले गेले नाही आणि जेथे विचारले गेले तेथे वकिलाकडे बोट दाखवण्यात आले.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याचीही कथा याहून वेगळी नाही. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तो ‘प्रौढ पुरुष’ असला पाहिजे, असे शब्द व्याख्येत होते, आणि छळ सासू किंवा नणंदेकडून होत असल्यास त्या शब्दांचा आडोसा घेतला जाई. सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द ऑक्टोबर 2016 मध्ये रद्द केले. ‘सामायिक घर’ या संज्ञेचा संकुचित अर्थ 2006 च्या अखेरीस लावला गेला, त्यामुळे सासूच्या नावावरील घरातून सुनेला बाहेर काढणे सोपे झाले, आणि तो अर्थ 2020 साली बदलला. ही दोन्ही कामे विधेयकाच्या मसुद्यावर नीट चर्चा झाली असती तर आधीच होण्याजोगी होती.

संमतीच्या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. त्या काळी चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथील पोलीस चौकीत मार्च 1972 मध्ये एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून तिचा विरोध नव्हता असा अर्थ काढण्यात आला. वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या चार कायदेअध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवून दिले, देशभर मोर्चे निघाले, आणि 1983 साली कायदा बदलला. तरीही संमती म्हणजे काय, याची सविस्तर व्याख्या, म्हणजे ती स्पष्ट आणि स्वेच्छेची असली पाहिजे आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येणार नाही हा खुलासा, कायद्यात यायला 2013 साल उजाडावे लागले. संसदेसमोर हा मुद्दा 1979 पासून होता. व्याख्या सैल राहिली की काय होते हे पुन्हा एकदा नागपूर खंडपीठाच्याच जानेवारी 2021 च्या निकालात दिसले. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या कायद्यातील ‘स्पर्श’ हा त्वचेचा त्वचेला झालेला स्पर्शच असला पाहिजे असा अर्थ तेथे लावला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिरवला.

बलात्काराच्या व्याख्येला जोडलेला एक अपवाद आजही कायम आहे. पतीने पत्नीशी केलेला संबंध, तिची इच्छा असो वा नसो, बलात्कार ठरत नाही, असे सांगणारा हा अपवाद 1860 च्या भारतीय दंड संहितेपासून चालत आला आहे. त्यात फक्त वयाची मर्यादा बदलत गेली. मुळात ती 10 वर्षांची होती, 1891 साली 12, 1925 साली 13, 1949 साली 15 आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 18 झाली. मुलीचे विवाहाचे वय 1978 पासून 18 असताना अपवादातील 15 हा आकडा कायद्याच्या पुस्तकात पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तसाच राहिला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये हा अपवाद काढून टाकण्याची शिफारस केली, संसदेच्या स्थायी समितीने कुटुंबव्यवस्थेवर ताण येईल असे कारण देऊन ती नाकारली, दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मे 2022 मध्ये परस्परविरोधी निकाल दिले, आणि 2023 च्या भारतीय न्याय संहितेत वयाची दुरुस्ती करून अपवाद पुन्हा लिहिला गेला.

या संदर्भात 1891 सालच्या संमतिवयाच्या वादाकडे वळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या थोडे आधी, दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यात, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला होता, आणि 1887 साली नांदायला जा नाही तर तुरुंगात जा असा हुकूम झाला तेव्हा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. कलकत्त्याला फुलमणी दासी या कोवळ्या वयाच्या विवाहितेचा पतीच्या बळजबरीने मृत्यू झाल्यावर संमतिवयाचे विधेयक आले, आणि महाराष्ट्रात त्यावर रान उठले. आगरकर, रानडे आणि भांडारकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. टिळकांनी परक्या सरकारने धर्माचारात हात घालण्याला विरोध केला. कोण बरोबर होते याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. त्या वेळी कायदेमंडळात निवडून आलेला एकही प्रतिनिधी नव्हता, स्त्रियांना तर मताचा प्रश्नच नव्हता, तरीही प्रमुख पुढाऱ्यांनी आपली बाजू कारणांसह, छापील मजकुरात मांडली, आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. आज कोट्यवधी स्त्रिया मतदार आहेत. परंतु वैवाहिक अपवाद राहावा की जावा, असे आपल्या खासदाराला विचारणाऱ्या स्त्रीला नेमके उत्तर मिळण्याची शक्यता 1891 च्या वाचकापेक्षा कमी आहे. प्रातिनिधिक लोकशाहीसाठी ही गोष्ट भूषणावह नाही.

उत्तर टाळण्याची जी कारणे दिली जातात त्यांत ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे सर्वांत सोयीचे. न्यायप्रविष्ट म्हणजे न्यायालयापुढे निर्णयासाठी असलेले. सभागृहाच्या नियमांनुसार अशा प्रकरणावर सभागृहात चर्चा करण्यास मर्यादा आहेत, हे खरे. पण या नियमाने विधेयक आणण्यास बंदी होत नाही आणि आपल्या मतदारसंघात भूमिका सांगण्यासही होत नाही. वैवाहिक अपवादाच्या बाबतीत केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करून अपवाद काढण्यास विरोध केला, हा प्रश्न कायद्यापेक्षा सामाजिक अधिक आहे असे म्हटले आणि निर्णय संसदेच्या कक्षेतला असल्याचे सुचवले. न्यायालयात सांगायचे की हे संसदेचे काम आहे, आणि मतदाराला सांगायचे की हे न्यायालयापुढे आहे, अशा चक्रात प्रश्न विचारणारी व्यक्ती कोठेच पोहोचत नाही. याउलट शशी थरूर यांनी 2018 साली अपवाद काढण्याची तरतूद असलेले खाजगी सदस्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण त्यांच्या मतदाराला आपल्या खासदाराचे मत ठाऊक झाले, आणि ते पसंत नसल्यास त्याच्याविरुद्ध मत देण्याची सोयही झाली.

मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत हे मौन सर्वांत दीर्घ ठरले. समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. एकतर्फी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा अशी त्यांची मागणी होती. सात स्त्रिया, हातात फलक, आणि समोर राज्याचे निवडून आलेले सरकार, असे ते दृश्य होते. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि त्याने हा प्रश्न दशकानुदशके जिवंत ठेवला. काँग्रेसच्या सरकारने 1985 च्या शाहबानो निकालानंतर पुढल्याच वर्षी घटस्फोटित स्त्रीच्या पोटगीचा हक्क आखडणारा कायदा केला; 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, काळात पतीने पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. एका दमात दिला जाणारा तलाक 2017 साली न्यायालयाने रद्द ठरवला आणि 2019 साली संसदेने तो गुन्हा केला. सात स्त्रियांच्या प्रश्नाला अर्धे उत्तर मिळायला एक्कावन्न वर्षे लागली. बहुपत्नीत्वाचा अर्धा भाग राष्ट्रीय पातळीवर अजून अनुत्तरित आहे. समान नागरी कायद्याची घोषणा करणाऱ्या पक्षांनाही हेच विचारले पाहिजे. गोव्याचे उदाहरण सभांतून वारंवार दिले जाते, पण तेथील 1867 च्या पोर्तुगीज संहितेतील पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेची कल्पना, जी स्त्रीच्या दृष्टीने खरोखर मोलाची आहे, देशभर लागू करण्याची तयारी आहे काय, याचे उत्तर घोषणेत सापडत नाही.

फौजदारी आणि वैयक्तिक कायद्यांवर निदान वृत्तपत्रांत लिहिले जाते. योजनांच्या शासन निर्णयांत दडलेल्या व्याख्यांवर तेवढेही लिहिले जात नाही, आणि गरीब स्त्रीचा संबंध येतो तो मुख्यतः त्यांच्याशीच. महाराष्ट्र शासनाने जून 2024 मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले असा अर्थ धरला गेला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असण्याची अट घातली गेली. सुरुवातीची 60 वर्षांची वयोमर्यादा काही दिवसांतच 65 वर गेली आणि जमिनीची अट निघाली. लोकांनी विचारले की शब्द बदलतात, हे यावरून सिद्धच होते. परंतु 2025 मध्ये ई-केवायसीच्या वेळी पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची मागणी झाली तेव्हा जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, जिला टाकून दिले आहे पण कागदावर घटस्फोट नाही, अशा स्त्रियांची अडचण झाली आणि त्यांच्यासाठी नंतर वेगळी व्यवस्था करावी लागली. दुसरीकडे 2013 चा अन्नसुरक्षा कायदा शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीलाच कुटुंबप्रमुख मानतो. एकाच राज्यात, एकाच घरात, एका कागदावर प्रमुख असलेली स्त्री दुसऱ्या कागदावर पतीच्या ओळखीशिवाय अपुरी का ठरते, हा प्रश्न परित्यक्ता स्त्रीने विचारला तर तो बारीकसारीक म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

शेतकरी कोण, हाही असाच प्रश्न. सातबारावर नाव नाही म्हणून शेतात राबणारी स्त्री अनेक योजनांत शेतकरी ठरत नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील वहितीच्या खात्यांपैकी जेमतेम 14 टक्के खाती स्त्रियांची होती. शेतकरी संघटनेने चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले आणि पुष्कळांनी ती केलीही, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत मांडलेले महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे 2011 चे खाजगी विधेयक मात्र व्यपगत झाले.

ऊसतोडीच्या धंद्यात तर व्याख्येच्या अभावाने माणूस कसा नाहीसा होतो ते दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कारखान्यांकडे जाणारे मजूर ‘कोयता’ या एककात मोजले जातात, आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, नोंद होते ती बहुधा पुरुषाच्या नावाने, मजुरी ठरते ती टनावर, आणि कामावर न गेल्यास खाडा धरून कापून घेतले जाते तेही जोडीचेच. बाईची मजुरी वेगळी लिहिलेली नसल्यामुळे ती कामगार असल्याचा पुरावा नाही. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी असल्यामुळे तिचा मालक कोण हे ठरत नाही. आणि मालक ठरत नाही तोवर प्रसूतीची रजा, पाळणाघर, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची तक्रार यांपैकी काहीही मागायचे कोणाकडे, याचे उत्तर नाही. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,000 हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण स्त्रियांनीच सांगितले. साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आणि विधानसभेत एकच घराणी बसत आल्याचा महाराष्ट्राचा अनुभव आहे. त्यामुळे ‘ही बाई कोणाची कामगार’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणावरही पडत नाही.

स्त्री या संज्ञेचीच कायद्यातील व्याख्या काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये तीव्रतेने पुढे आला. 2004 च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींना लिंगओळखीचे प्रमाणपत्र मिळू लागले, 2010 च्या समानता कायद्यात स्त्री या शब्दाचा अर्थ या प्रमाणपत्राच्या संदर्भात स्पष्ट केला गेला नाही, आणि तेथील नेते या प्रश्नावर मुलाखतींमधून वर्षानुवर्षे चाचपडत राहिले. शेवटी 16 एप्रिल 2025 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यापुरता त्या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून ठरवला, आणि पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविरुद्धचे संरक्षण स्वतंत्र तरतुदींनी कायम राहील असे सांगितले. या निकालाविषयी मत काहीही असो, स्त्रियांच्या संघटनांना आणि पारलिंगी व्यक्तींना, दोघांनाही, आपल्या प्रतिनिधींकडून आधीच स्पष्ट उत्तर मिळायला हवे होते. महाराष्ट्रात हा प्रश्न एका ग्रामपंचायतीतून आला. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे एका पारलिंगी उमेदवाराचा स्त्रियांसाठी राखीव प्रभागातील अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला, जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि त्या उमेदवार निवडून आल्या. राखीव जागांचा कायदा करणाऱ्यांनी या निकालावर सहमतीचा किंवा असहमतीचा खुलासा करणे उचित ठरले असते.

उत्तर मिळवण्याची साधने मतदारापाशी थोडी आहेत. माहितीच्या अधिकारात अभिलेखावर असलेले मिळते, आमदाराच्या मनात असलेले मिळत नाही. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातून त्याची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे समजतात, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2002 आणि 2003 साली मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. त्याची कायद्यांविषयीची मते तेथे नसतात. तारांकित प्रश्न विचारण्याचा हक्क सदस्याचा आहे, मतदाराचा नाही. पक्षादेशाची, म्हणजे व्हिपची, अडचणही खोटी नाही. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर सभागृहातील मत पक्ष ठरवतो. पण व्हिप मतदानाला बांधतो, आणि पक्षाच्या बैठकीत सदस्याने कोणती बाजू मांडली, हे मतदाराला सांगण्याआड तो येत नाही. विषय अवघड आहेत, हे म्हणणे त्याहून दुबळे आहे. ज्या विधेयकाच्या बाजूने हात वर केला त्यातील व्याख्या समजावून सांगता येत नसेल, तर हात वर करण्याआधी ती समजून घ्यायला हवी होती.

महाराष्ट्रात एक व्यवस्था मात्र कायद्यानेच दिलेली आहे. ग्रामपंचायत अधिनियमानुसार नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्री-मतदारांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर उरकली जाते, जेथे भरते तेथे घरकुल, पाणी आणि बचतगट यांपुढे जात नाही, आणि वारसाहक्काविषयी किंवा योजनेतील कुटुंबाच्या अर्थाविषयी कोणी विचारलेच तर ग्रामसेवकाला त्याचे उत्तर देण्याचा अधिकार नसतो. या सभेत विचारले गेलेले कायद्याविषयीचे प्रश्न इतिवृत्तात शब्दशः नोंदवावेत, ते त्या मतदारसंघाच्या आमदाराकडे आणि खासदाराकडे लेखी पाठवावेत, आणि त्यांचे सहीनिशी उत्तर पुढील सभेत वाचून दाखवावे, एवढी दुरुस्ती अधिनियमात करण्यास फारसा खर्च नाही. उत्तर न आल्यास तशी नोंदही त्याच इतिवृत्तात, तारखेसह, व्हावी.